दिगूनं न छापलेला इतिहास

दिगंबर गेल्याचा फोन आला तेव्हा मला रडू आलं नाही, राग आला. आमचं भांडण अर्धं टाकून हा माणूस निघून गेला होता... पाच आठवडे झाले, राग उतरलेला नाही. फक्त तो नेमका कुणावर आहे, हे आता कळू लागलंय.

निजामाविरुद्धच्या पोलिस ॲक्शननंतर आमच्याकडं शाळांतलं उर्दू माध्यम जाऊन मराठी आलं आणि त्या उलथापालथीत गंगापूरहून शहरातल्या शाळेत आलेला मी दोन वर्षं मागं पडलो. वर्गात सगळ्यांत उंच मीच. दिगूनं मला बास्केटबॉलच्या मातीच्या मैदानावर ओढून नेलं. तो कप्तान. शाळेला पहिलं अजिंक्यपद आम्ही मिळवून दिलं, निर्णायक बास्केट माझी. पोरांनी मला खांद्यावर घेऊन मिरवलं. पण स्पर्धेची वयोमर्यादा मी दीड वर्षानं ओलांडली होती. फॉर्मवर वय खोटं होतं. खाली माझी सही आणि कप्तान म्हणून दिगूची.

पुढं तो त्याच शाळेत क्रीडाशिक्षक झाला. पडेगावहून सायकलवर यायचा. त्याच्या हाताखाली पोरांनी इतक्या ढाली आणल्या की मुख्याध्यापकांच्या खोलीतलं कपाट पुरेना. एका वर्षी मात्र अंतिम सामन्याच्या सकाळी त्यानं आपल्याच सर्वांत चांगल्या खेळाडूला बसवलं. पोरगा वयोमर्यादेपेक्षा दोन महिन्यांनी मोठा निघाला होता. शाळा हरली. पोराचे वडील त्याच्या अंगावर धावून गेले, "सर, कोण बघायला येणार व्हतं?"

"मला ठाऊक हाय ना," दिगू एवढंच म्हणाला. सामना बघायला आलेला मी तिथंच उभा होतो.

तो निवृत्त झाल्यावर शाळेनं त्याला बास्केटबॉलचा इतिहास लिहायला सांगितला. तेव्हा तो वैजापूरला माझ्या घरी आला.

"पहिल्या वर्षाचं खरं लिहू का?"

"नाय. माझी नातवंडं वाचतील. लई वर्षं झाली, सोड की."

"खोटं मी लिहिणार नाय. अन् तुझ्या परवानगीबिगर खरंबी नाय."

"मग ते वर्षच गाळ."

"सुरुवातच तिथनं हाय, दोस्ता. गाळू कशी?"

असं दहा वर्षं चाललं. शाळेची माणसं म्हणायची, सर आळशी झाले. मीही मान डोलवायचो! त्याच्या ताठ्याचा वैताग यायचा. माझ्या एका लाजेपायी पुढच्या सगळ्या पोरांची नावं अडकून पडली होती, हे मात्र मी स्वतःला कधी म्हटलं नाही.

तेराव्यानंतर वहिनींनी एक जाड वही पुढं केली. प्रत्येक वर्षाचा संघ, प्रत्येक सामना, बाकावर बसून राहिलेल्या राखीव पोरांचीही नावं. फक्त पहिलं पान कोरं.

"भाऊजी, हे तुमच्यासाठी सोडलंय म्हणायचे."

तिथंच बसून मी लिहिलं. संघ, गुण, माझं नाव, माझं खरं वय. सात ओळी झाल्या. दहा वर्षं त्यानं एवढ्यासाठी वाट पाहिली होती.

वही घेऊन शाळेत गेलो. तिथं छपाईचं बघणाऱ्या गृहस्थांनी पहिलं पान वाचलं, चष्मा काढला. "बाकी झकास आहे. हे पान तेवढं वगळून छापू."

मी वही त्यांच्या हातातून काढून घेतली. आता ती माझ्या टेबलावर असते. ज्या कुणाला छापायची असेल, त्यानं पहिल्या पानासकट छापावी.