बाबांच्या गाडीतलं क्रोम झाकलं!

मंडळी, आज सकाळी मी स्वतःच्या हाताने बाबांच्या गाडीतलं क्रोम झाकलं आणि मला त्याचा जाम अभिमान वाटतोय.

डोळ्याच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी परवानगी देऊनही बाबा गाडी चालवत नव्हते. काल तर विकायचीच म्हणाले. मी विचारलं, "बाबा, तुम्ही गाडी काहून विकून राहिले?"

ते म्हणाले, "एसीच्या जाळीभोवतीचं ते क्रोम चमकते वं. त्याची तिरीप डोळ्यावर आली की मले समोरचं दिसत नाही. भेव वाटते."

मी काळं मॅट व्हिनाइल, म्हणजे न चमकणारी चिकटपट्टी आणली. पहिली पट्टी वाकडी लागली, ती काढली. दुसरी हेअर ड्रायरने गरम करून कोपऱ्यांत नीट बसवली. बाबा कुरकुरले, "चांगली नवी दिसत होती गाडी."

"नाही आवडलं तर सोलून टाकू नं, बाबा. खालचं क्रोम तसंच राहते."

दुपारी भर उन्हात मला शेजारी बसवून त्यांनी आमच्या सक्करदऱ्याहून थेट साठेक किलोमीटरवरच्या काटोलपर्यंत गाडी नेली. उतरताना एवढंच म्हणाले, "आता नाही विकत."

तुमच्याही घरी कोणी आवडीचं काही गुपचूप सोडून दिलंय का? कारण विचारलंत?