कोपराजवळचा जोड

नांदेडमध्ये माझं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. गेट, ग्रिल, उन्हाळ्यात कुलरच्या बॉड्या, आणि आता जास्त करून स्टीलची रेलिंग. आमच्या लाइनीतल्या प्रत्येक शटरला लिंबू-मिरची आहे, माझ्या शटरला कधीच नव्हती. शेजारचा शनिवारी विकायला येणाऱ्या पोराकडून घ्यायचा, मी त्याला हसायचो. वेल्डिंग तुटलं तर एक तर माल हलका, नाहीतर हात हलका... तिसरं कारण मला कुणी शिकवलं नाही. इथल्या ग्रुपवर लोकांचे दृष्ट लागल्याचे अनुभव वाचायचो तेही टाइमपास म्हणून. तरी आज लिहायला बसलोय, कारण घरात या विषयावर बोलायची सोय राहिली नाही.

माझा साडू महेश, म्हणजे माझ्या बायकोच्या, रेखाच्या धाकट्या बहिणीचा नवरा. लातूरला औसा रोडला घर, बियाणं-खताचं दुकान. सोयाबीनच्या हंगामात दुकानात पाय ठेवायला जागा नसते आणि हंगाम सरला की साहेब रिकामे. तर या रिकाम्या माणसाने हैदराबादहून एक जुनी जपानी गाडी आणली. दोन दारांची, बुटकी, टर्बोवाली. आणि घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये, जिथे पूर्वी बियाण्याची पोती असायची, तिथे तिला जॅकवर चढवून स्वतःच्या हाताने मॉडिफाय करायला लागला. आर्गन वेल्डिंगचं मशीन घेतलं. शिकला कुठं? तर मोबाइलवर.

हे ऐकलं तेव्हा मी पोट धरून हसलो होतो. म्हणलं, बोटं भाजून घेईल आणि गपचूप मला फोन करील.

फोन आला नाही. सासूबाईंचं कौतुक मात्र येत राहिलं. त्या औशाला राहतात, लातूर जवळ, त्यामुळे सारखं जाणं-येणं. रेखाच्या फोनवर स्पीकर चालू असायचा आणि मी जेवत असायचो. महेशरावांनी हे बनवलं, महेशरावांनी ते बनवलं, दुकान सांभाळून करून राहिले बाई, हातात कला लागते. आता मला सांगा, त्यांच्या औशाच्या घराचं गेट कुणी केलं? गच्चीच्या जिन्याचं रेलिंग कुणी केलं? त्या रेलिंगला धरून रोज गच्चीवर चढतात. पण ते काय, ‘माधवरावांचं आपलं ग्रिलचं काम’. सासरी माझं एवढंच नाव होतं, वेल्डिंगवाला जावई. तेवढंही आता जायला लागलं होतं.

मग एका रविवारी आम्ही लातूरला गेलो. महेशने मला शेडमध्ये नेलं आणि टर्बोच्या मागे लागणारा सायलेन्सरचा पाइप दाखवला, त्याच्या भाषेत डाउनपाइप. स्टीलच्या पाइपच्या बारीक तिरप्या फोडी कापायच्या आणि एकेक जोडत वळण द्यायचं, असं ते काम. फोडीला फोड इतकी नेमकी बसलेली की दोन्हींच्या मध्ये नख जाईना. आणि वेल्डिंगची रेघ... नाणी एकावर एक सरकवून ठेवावीत तशी, सारख्या अंतराने, वर निळी-सोनेरी झाक.

खोटं कशाला बोलू, माझ्या अंगाची लाही झाली. एवढी वर्षं डोळ्यांत ठिणग्या घेऊन, हाताची कातडी जाळून माझी रेघ अशी येत नाही. माझी मजबूत येते, पण दिसायला शेणाने सारवल्यासारखी. आणि हा बियाणंवाला...

पाइपला जिथे मोठं वळण आहे, माणसाच्या कोपरासारखं, तिथल्या जोडावरून मी बोट फिरवलं आणि म्हणलं, “झकास झालंय.”

त्याच आठवड्यात महेशचा फोन आला. गाडी पहिल्यांदा रस्त्यावर काढली आणि पाइप तडकला. कुठे? कोपराजवळच्या जोडात.

मला हे कळल्यावर काय वाटलं असेल ते तुम्हीच समजा. त्या दिवशी मी दोन पोळ्या जास्त खाल्ल्या. कारणही मला लगेच सापडलं. इंजिन हलतं, पाइप मात्र घट्ट बांधलेला, मध्ये लवचिक जाळीचा तुकडा नाही, मग ताण जोडावर येणार. मी नांदेडहून तसा तुकडा घेऊन गेलो, माझ्या हाताने बसवून दिला आणि सासूबाईंना ऐकू जाईल अशा आवाजात महेशला समजावून सांगितलं. सुनिताने, म्हणजे महेशच्या बायकोने, मला दोनदा चहा दिला. महेशने कोपराचा जोड परत मारला. पहिल्यापेक्षाही सुंदर. मी तिकडे बघितलं आणि चहा कडू लागला.

परत तडकला. तोच जोड.

महेशची जिद्द अशी होती की ही गाडी लातूरहून नांदेडला माझ्या दारात आणून उभी करायची, आपल्या हातच्या पाइपवर. दोनदा निघाला. एकदा चाकूरच्या अलीकडून आणि एकदा अहमदपूरहून फटफट आवाज करत मागे फिरला. मग त्याने आख्खा पाइप नवीन बनवला, आणि या वेळी मला बोलावलं नाही. फक्त फॅमिली ग्रुपवर फोटो टाकला. मी वर्कशॉपमध्ये स्टुलावर बसून दोन बोटांनी तो फोटो मोठा केला. कोपराच्या वळणावरची रेघ बघितली. अजून मोठा केला. बराच वेळ बघत होतो. खाली सगळ्यांचे अंगठे आणि फुलं पडलेली, मीही अंगठा टाकला.

त्या संध्याकाळी सुनिताचा रेखाला फोन आला. गाडी शेडमधून बाहेरसुद्धा काढली नव्हती, नुसती चालू करून ठेवली होती आणि जोड गेला. लवचिक तुकडा होता, माल चांगला होता, हात तर माझ्यापेक्षा चांगला होता. मग काय राहिलं?

सासूबाईंनी ठरवलं की दृष्ट काढायची. आम्हालाही बोलावलं. मी म्हणलं, लोखंडाची कुठं दृष्ट काढतात का. पण रेखा म्हणाली चला, म्हणून गेलो.

दिवेलागणीची वेळ. पाइप गाडीवरून काढून टेबलावर ठेवला होता. खाली घमेल्यात निखारे. वाऱ्याने निखारे उडू नयेत म्हणून शटर खाली ओढलेलं. सासूबाईंनी मुठीत मीठ, मोहरी आणि वाळलेल्या लाल मिरच्या घेतल्या, पाइपावरून उतरवल्या आणि पुटपुटल्या, आल्यागेल्याची, घरातल्याची, बाहेरच्याची, जी कुणाची लागली असंल ती जळून जावो. आणि मूठ निखाऱ्यावर टाकली.

तुम्हाला माहीतच असेल, मिरची जळली की ठसका लागतो. आणि आपल्याकडे म्हणतात, ठसका लागला नाही तर समजायचं दृष्ट मोठी होती. मी हे लहानपणापासून ऐकलेलं, आणि तेवढ्याच वर्षांपासून हसलेलो.

मोहरी तडतडली. मिरच्या काळ्या झाल्या. धूर पत्र्यापर्यंत गेला आणि खाली उतरला, महेशच्या तोंडासमोरून गेला, सुनिताच्या, रेखाच्या. कुणाला काही नाही. सासूबाई तर घमेल्यावर वाकून उभ्या होत्या आणि शांतपणे श्वास घेत होत्या. कसलाच वास नाही.

आणि मला ठसका लागला.

असा लागला की मी दुमडलो. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, छातीत भट्टी पेटली. टेबल धरून खोकत होतो. त्या बंद शेडमध्ये पाच माणसं, एकच धूर, आणि खोकणारा मी एकटा. वर बघितलं तर सुनिता माझ्याकडे बघत नव्हती. ती जमिनीकडे बघत होती. दोनदा चहा देणारी बाई.

सासूबाईंनीच शटर वर केलं, तांब्या आणून माझ्या हातात दिला. मला वाटलं आता काय काय ऐकावं लागतंय. पण त्या हळू आवाजात म्हणाल्या, “पाणी प्या, माधवराव. डोळा काय कुणी मुद्दाम लावत न्हाई.”

याच्यापेक्षा शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं.

मीही काही कच्च्या गुरूचा चेला नाही. उरलेल्या मिरच्या मी खिशात घालून आणल्या होत्या. दुसऱ्या दिवशी वर्कशॉपमध्ये तसेच निखारे केले आणि टाकल्या. शेजारचा लिंबू-मिरचीवाला खोकत खोकत बाहेर पळाला, पलीकडच्या टायरवाल्याने मला आईवरून शिवी घातली. म्हणजे मिरच्या चांगल्या होत्या. मग शेडमध्ये त्यांनी माझाच गळा कसा धरला?

चार-आठ दिवसांनी महेश स्वतः नांदेडला आला. साध्या गाडीने, मागच्या सीटवर पाइप गोणपाटात गुंडाळलेला. आडवळणाने काही बोलला नाही. पाइप माझ्या टेबलावर ठेवला आणि म्हणाला, “भाऊ, हा जोड तुम्हीच मारा. तुमच्या हातचा तुटायचा न्हाई.”

का तुटायचा नाही ते विचारायची गरज नव्हती. आपल्याच कामाचा कुणाला हेवा वाटत नसतो, एवढं दोघांनाही कळत होतं. मी तोंडावरची काच खाली ओढली आणि जोड मारला. त्याच्या त्या नाण्यांच्या रेघांच्या मधोमध माझी एक सारवलेली रेघ. नव्या लुगड्याला गोणपाटाचं ठिगळ.

पण टिकली. लातूरच्या बायपासवर टिकली, औशाच्या खड्ड्यांत टिकली. पाइपातला दुसरा कुठलाही जोड गेला नाही आणि हाही गेला नाही.

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी महेश ती गाडी घेऊन लातूरहून निघाला आणि कुठेही न थांबता माझ्या दारात आला. आमच्या लाइनीतली सगळी माणसं जमा झाली. मला वाटलं, झालं, आता हाच हिरो. आणि तेच झालं. घरी बनवलंय म्हणे, मोबाइलवर शिकलाय म्हणे. मी कोपऱ्यात उभा. ती टर्बोची शिट्टी मला कानात सुई घातल्यासारखी वाटत होती. गाडी रात्री वर्कशॉपमध्येच ठेवली.

सकाळी हत्यारांची पूजा. मशीनला, ग्राइंडरला, ऐरणीला झेंडूचे हार घातले, महेशच्या गाडीलाही घातला. मी प्रसाद वाटत होतो. महेश मात्र गाडीपाशीच रेंगाळत होता. मग खाली पोतं टाकून तो गाडीखाली सरकला. मी वाकून बघितलं. तो माझ्या जोडाकडे बघत होता.

मला म्हणाला की लातूरला गाडीवाली पोरं येतात, खाली वाकून बघतात. त्याचे जोड बघून छान म्हणतात, आणि या जोडावर बोट ठेवून विचारतात, हा कुणी मारला? सगळ्यांना माहीत झालंय की पाइप टिकलाय तो याच्यावर. दर वेळी त्याला माझं नाव सांगावं लागतं. हे सांगताना तो हसत होता, पण ते हसू मला ओळखीचं होतं. मी ते कितीतरी दिवस स्वतःच्या तोंडावर वागवलं होतं.

त्याने माझ्या रेघेवरून हळूच बोट फिरवलं आणि म्हणाला, “झकास झालंय, भाऊ.”

टिच्.

बारीक आवाज आला, काचेची बांगडी तडकावी तसा. गाडी रात्रभर उभी होती, पाइप थंडगार होता, इंजिनला कुणी हात लावलेला नव्हता. मी महेशच्या शेजारी आडवा झालो आणि बॅटरी मारली. माझ्या जोडात, जिथे त्याचं बोट होतं तिथेच, केसाएवढी भेग.

महेश पांढराफटक पडला. मी काहीच केलं नाही हो, असं दोन-तीनदा म्हणाला. मी म्हणलं, “हाव, म्हाईत हाय मला. डोळा काय कुणी मुद्दाम लावत न्हाई.”

जाणकार म्हणतील जोडात ताण उरला असेल, तो कधीतरी सुटतो. म्हणा. गिऱ्हाइकाला मीही तेच सांगतो. पण तो ताण इतके खड्डे खाऊन नेमका त्या एका शब्दाची वाट बघत का थांबला, आणि त्या शेडमधला धूर माणूस ओळखून कसा गेला? तुमच्यापैकी कुणाकडे उत्तर असेल तर जरूर सांगा.

मला एवढंच माहीत आहे की त्या पोत्यावर पडल्या पडल्या, कित्येक महिन्यांनी माझ्या छातीत थंडावा आला. माझ्या कामावर कुणाचा तरी जीव जळला होता, आणि तोही महेशचा. मी त्याला पोहे खाऊ घातले, चहा पाजला, तडकलेला भाग कापून, दुसरा तुकडा घालून नवीन जोड मारून दिला आणि आनंदाने लातूरला लावून दिलं. जाताना तो त्या जोडाकडे बघत नव्हता. मीही बघितलं नाही.

तो तडकलेला तुकडा मी भंगारात टाकला नाही. तारेने शटरला टांगलाय, जिथे बाकीच्यांची लिंबू-मिरची असते तिथे. येणारे-जाणारे विचारतात हे काय, तर सांगतो, सर्टिफिकेट आहे. रेखा म्हणते अपशकुनी आहे, काढा ते. मी काही काढत नाही.