साहेबांच्या घरचे सबनीसकाका

परदेशातल्या आमच्या आयसेलिन गावच्या किराणा दुकानात सबनीसकाका मला पहिल्यांदा दिसले, तेव्हा त्यांच्या हातात दुधी होता आणि डोळ्यांत पाणी. "आमच्या साहेबांचं धाकटं गेलं हो परवा. घटसर्पानं." मी हादरलोच. संध्याकाळी बायकोनं केलेलं पिठलं-भात घेऊन शेजारच्या एडिसन गावी त्यांच्या घरी हजर! शैलाकाकूंनी दार उघडलं, डबा पाहिला आणि आत वळून ओरडल्या, "अहो, आणखी एक जण सुतकाला आलाय बघा!"

साहेब म्हणजे राणी व्हिक्टोरियाच्या काळातले, आता सगळे विसरलेले असे एक ब्रिटिश खासदार. निवृत्तीनंतर काका त्यांचं चरित्र लिहायला बसले होते. धाकटं जाऊन दीडशे वर्षं उलटली होती. काका त्या प्रकरणापाशी परवा पोचले, एवढंच. साहेबांच्या बायकोला ते 'वहिनी' म्हणत. पिठलं आम्ही तिघांनी मिळून संपवलं.

पण तपशिलात चूक झाली की संपलं. एकदा साहेबांची नक्कल करताना मी झोकात मिशीला पीळ दिला. "मिशी नव्हती, कल्ले होते!" काका कडाडले. "इतिहासात आपल्या मनाचं काही चालत नाही!"

पुढे काकूंना विसर पडायला लागला. गॅस, घराचा नंबर, मुलाचं नाव. साहेबांचं घर मात्र लख्ख आठवायचं. रोज चहाच्या वेळी विचारायच्या, "थोरलीचं जमलं का हो?" काकाही रोज नव्यानं सांगायचे, "जमलं गं. मुलगा नेव्हीत आहे."

गेल्या वर्षी मराठी मंडळात काकांचं व्याख्यान ठेवलं. काकू पहिल्या रांगेत, काकांनीच इस्त्री केलेली साडी नेसून. काका रंगात आले. निवडणूक हरलेले साहेब, सात मुलं, एकटीनं घर ओढणाऱ्या वहिनी. मग आवाज खाली आणून म्हणाले, "आणि त्याच हिवाळ्यात वहिनी गेल्या."

काकू ताडकन उठल्या. "गेल्या? अहो, कुठे गेल्या? मला कुणी सांगितलं कसं नाही?"

काकांनी चष्मा काढला. हातातले कागद पालथे ठेवले.

"माहेरी," ते म्हणाले. "माहेरी गेल्या गं."

काकांचा मसुदा वाचलेले एक गृहस्थ मागून म्हणाले, "पण काका, न्यूमोनियानं त्यांची डेथ..." काकांनी असे डोळे वटारले की पुढचे शब्द त्यांनी गिळून टाकले.

"मग परत कधी येणार?" काकूंनी विचारलं.

"थंडी सरली की. साहेब स्वतः जाणार आहेत आणायला."

काकू सावकाश खाली बसल्या. पदर सारखा केला.

"मग राहू द्या की चार दिवस," त्या म्हणाल्या. "घाई कशाला करताय? सात पोरांचं करून दमली असेल बाई."