महानंदानं उपटलेली चार गुलबक्षी

सोयाबीनच्या बियाणे प्लॉटमधली भेसळ काढायला बाई कोणती आणायची, असं अहमदपूरच्या आसपास कुणालाही विचारा. महानंदा बिराजदारचं नाव पुढं येईल. पांढऱ्या फुलांच्या वाणात जांभळ्या फुलांचं झाड शिरलं, तर तपासणीचा साहेब यायच्या आत ते उपटावं लागतं, नाहीतर अख्खा प्लॉट बाद. तीस वर्षं महानंदा हेच करत होती. ती फिरून गेलेल्या रानात साहेबाला एकही भेसळीचं झाड सापडलं नव्हतं. हे ती स्वतःच सांगायची. दुसऱ्यानं आपलं कौतुक करावं म्हणून वाट बघत बसायला तिला वेळ कुठला?

धम्मप्रिया नांदेडला संशोधन करायची. तिनं मामाच्या रानात दोन गुंठे गुलबक्षी लावली, पांढऱ्या फुलावर गुलाबी रेघा असणारी. काही ओळी बियांच्या आणि एक ओळ जुन्या गड्ड्यांची. निगराणीला महानंदाला ठेवलं.

"पोरी, ही तर उकिरड्यावर बी उगवती," महानंदा हसली. "हिला राखण कशाला?"

धम्मप्रियाही हसली, आणि खरं काम सांगायचं राहूनच गेलं.

फुलं आल्यावर एका भल्या सकाळी, ती मिटायच्या आत, महानंदाला गड्ड्यांच्या ओळीत चार झाडं वेगळी दिसली. प्रत्येकाची एकेक फांदी नुसत्या गुलाबी फुलांची, रेघांचं नाव नाही. तिचे हात शिवशिवले. खुरप्यानं चारही झाडं गड्ड्यासकट काढली आणि मालकिणीनं मोजून घ्यावीत म्हणून शिस्तीत जिथली तिथं आडवी ठेवली. तासाभरात धम्मप्रिया आली, आणि बघून मटकन बांधावर बसली.

"मावशी, ह्याचसाठी तर लावलं होतं."

रडवेल्या आवाजात तिनं सांगितलं. झाडाच्या पेशीत वंशाची माहिती असते, आणि तिच्यातला एक तुकडा मोठा चंचल. तो रंगाच्या जागेवर बसला की फूल पांढरं. उठून दुसरीकडं गेला की तेवढी रेघ गुलाबी. फांदी फुटायच्या वेळीच उठला, तर सगळी फांदी गुलाबी.

"आन् बी येगळं, गड्डा येगळा, ते कशापायी?"

"बी धरताना दोन झाडांची सोयरीक होऊ शकते. तेव्हा तुकड्याला नवं घर मिळतं. गड्ड्याला सोयरीक नाही. तिथं तो काय करतो ते मोजायचंय मला."

"काय करंल? भाईर जायला वाटच न्हाई, तर घरातल्या घरात खोल्या बदलंल."

धम्मप्रियानं डोळे पुसून तिच्याकडं बघितलं. नेमकं हेच तिला दाखवायचं होतं. पंधरा दिवसांनी तिचे मार्गदर्शक मल्लिनाथ सर लातूरहून ओळ बघायला येणार होते. ती बाद झाली तर वर्ष पाण्यात.

महानंदाला मनापासून लाज वाटली. पण लाजून झाडं जगत नसतात. तिनं त्याच खड्ड्यांत झाडं परत बसवली, पाणी दिलं, वरून तुरीच्या वाळल्या काड्यांची सावली केली. गुलबक्षी चिवट, पालवी टवटवीत झाली, फुलंही आली. चौथं झाड मात्र वाळलं.

सर आले ते सकाळी अकराला. ही फुलं उमलतात दिवस कलल्यावर. वनस्पतिशास्त्राच्या माणसाला पाच वाजेपर्यंत बाभळीखाली बसून राहावं लागलं, याची महानंदाला जराशी गंमत वाटली. ती फार टिकली नाही.

"उपटून परत लावलीत ना? मग शेजारचं बियांचं झाड सोबत आलं असणार," सर धम्मप्रियाला म्हणाले. "ही भेसळ आहे. सोडून दे ही ओळ."

धम्मप्रियाचा चेहरा पडला. तो शब्द महानंदाला मात्र वर्मी लागला.

"सर, भेसळ तुमी सांगता व्हय मला?"

ती गुडघ्यावर बसली आणि एका झाडाच्या बुडाची माती बोटांनी हलकेच उकरू लागली. आत गेल्या सालचा सुरकुतलेला काळा गड्डा होता. त्यातून एकच खोड वर आलं होतं. वीतभरावर त्याला दोन फांद्या फुटल्या होत्या, एक रेघांची, एक गुलाबी.

"बियाच्या झाडाला असा म्हातारा गड्डा असतो का? आन् खोड मोजा. एकच हाय."

सर मातीत बसले. बाकीची दोन्हीही उकरून घेतली. भिंग लावून तिन्ही झाडं बघितली, पुन्हा एकदा बघितली.

"बाई बरोबर सांगतात. लिही, तीन झाडं," ते उठत म्हणाले. "उपटल्याचं मात्र लिहू नकोस. वाचणारा उगाच शंका काढेल."

धम्मप्रियानं पेन उघडलं. महानंदा हात झटकत उभी राहिली.

"मंग चौथं कुठं गेलं म्हणून सांगणार? चार व्हती. एक माझ्या हातानं मेलं. माझ्या नावानं लिहा."

धम्मप्रियानं लिहिलं आणि मोठ्यानं वाचून दाखवलं: "गुलाबी फांदीची झाडं चार. महानंदा बिराजदार यांनी भेसळ समजून उपटली. त्याच दिवशी परत लावली. तीन जगली."

तीस वर्षांत इतके प्लॉट पास झाले, सह्या साहेबांच्या झाल्या. महानंदाचं नाव पहिल्यांदा कागदावर आलं ते चुकीपायी. तिनं पेन मागून घेतलं आणि त्याखाली ठसठशीत सही केली.