मनकर्णाबाईची नाडी

नवरा गेल्यावर मनकर्णाबाईच्या छातीत धडधड सुरू झाली. मूल नव्हतं, दीर वेगळे झालेले. लोणारच्या धारेवर, तिथल्या झऱ्यापाशी उतरलेल्या एका बैराग्यानं तिला डोळे मिटून नुसतं श्वासाकडे लक्ष द्यायला शिकवलं. ती रोज सकाळी बसू लागली आणि काही वर्षांत धडधड थांबली. पुढं बोटाला विळा लागला म्हणून ती दवाखान्यात गेली. तिची नाडी इतकी संथ लागली, की कंपाउंडर गुलाम रसूलनं ती पुन्हा पुन्हा पाहिली.

त्याच्याकडून ही गोष्ट नागपूरला पोचली. तिथले डॉक्टर पळसोकर ध्यानाचा हृदयावर काय परिणाम होतो, याचा अभ्यास करत होते. हिवाळ्यात ते यंत्रं घेऊन लोणारला आले. मनकर्णाबाई रोज दवाखान्यात चटईवर बसायची. दंडाला रबरी पट्टा, मनगटावर डॉक्टरांची बोटं. तिला संकोच नको म्हणून गुलाम रसूलची बायको गौसिया शेजारी असायची. ध्यान लागलं की नाडी उतरायची, श्वास लांबायचा, रक्तदाबही कमी व्हायचा.

बसण्याआधी डॉक्टर विचारायचे, झोप लागली का, जेवलात का, काय जेवलात. प्रयोगासाठी ते लागायचंच. पण मनकर्णाबाईला असं कुणी विचारून वर्षं लोटली होती. एकटीपुरती ती भाकर नि चटणीच करायची. आता सांगायला काही असावं म्हणून भाजी करू लागली.

शेवटच्या दिवशी नाडी उतरेचना. डॉक्टरांनी पट्टा सोडून पुन्हा बांधला.

"आज मन लागत नाही का, बाई?"

"कसं लागन? उद्यापासून जेवली का म्हणून मले कोण पुसते?"

डॉक्टरांनी पट्टा सोडला. मग आजचा दिवस प्रयोगात धरता येणार नाही, असं त्यांनी गुलाम रसूलला सांगितलं आणि यंत्रं पेटीत भरली.

वर्षभरानं त्यांचा निबंध छापून आला. त्यात तिचं नाव नव्हतं.

डॉक्टर गेल्यापासून घरी तिला ध्यानाला बसता येईना. डोळे मिटले की कान दाराकडं लागायचे. धडधड परत आली. एका सकाळी ती दवाखान्यात जाऊन रोग्यांच्या बाकावर बसली. काय दुखतं, असं गौसियानं विचारलं.

"काही नाही दुखत. बसू दे."

गौसियानं बसू दिलं. मग ती रोजच येऊ लागली. भोवती माणसं खोकायची, लेकरं रडायची, आणि त्या गलबल्यात ती डोळे मिटून स्वस्थ असायची. दुपारी दवाखाना बंद झाला की उठून घरी जायची.