गोल टेबलाचा पंचनामा

ते गोल टेबल अजून माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. पोलीस खात्यात उभी हयात गेली, खून पाहिले, दरोडे पाहिले, पण रिकाम्या दुपारी आठवतं ते हेच प्रकरण. आणि ते तर खात्यातलंही नव्हे.

निवृत्तीनंतर मी सौदीत खोबरजवळ एका कंपनीच्या वसाहतीत सुरक्षा अधिकारी म्हणून गेलो होतो. सौदीकरणाची वर्षं होती. परदेशी माणसाच्या जागी स्थानिक माणूस, हा नियम घट्ट होत चालला होता आणि दर महिन्याला जाणाऱ्यांची यादी लागायची. तीत माझंही नाव लागलं होतं. माझ्या जागी येणारा सौदी अधिकारी, पस्तिशीचा, अबोल माणूस, माझ्यासमोर बसून काम शिकत होता. तपास कसा करतात ते मी त्याला शिकवत होतो आणि त्याची मला जरा घमेंडही होती, खोटं कशाला बोलू.

त्याच यादीत वसाहतीचा सुतार होता. रत्नागिरीकडचा मुसलमान माणूस, बावीस वर्षं तिथे काढलेला. सगळे त्याला मिस्त्री म्हणत. त्याच्या पासपोर्टावर खुरूज, म्हणजे कायमचं परत जाण्याचा शिक्का बसला होता आणि विमान चार दिवसांवर आलं होतं. गावाकडे त्याची बायको खुब्याचं हाड मोडून अंथरुणाला खिळली होती आणि बघायला घरात दुसरं कोणी नव्हतं. हे मला माहीत होतं, कारण सुट्टीच्या दिवशी तो माझ्याकडे मराठी बोलायला यायचा.

वसाहतीतली एक अमेरिकन बाई कायमची मायदेशी निघाली. नवरा वारला होता. त्याला आपल्या देशातलं जुनं फर्निचर जमवायचा नाद होता. दर सुट्टीत तिकडच्या लिलावांना बसून एकेक नग घेतलेला आणि जहाजाने इकडे आणलेला. आता त्याच सामानाचा लिलाव वसाहतीच्या हॉलमध्ये झाला. सगळ्यात मोठी बोली लागली एका तीन पायांच्या गोल टेबलावर. चेरीच्या लाकडाचं, अमेरिका नवी नवी होती त्या काळातलं, दोनशे वर्षांचं काळपट टेबल. घेतलं जवळच्या हुफूफ शहरातल्या एका खजूर व्यापाऱ्याने. तो अमेरिकेत शिकलेला आणि तिथेच हा नाद लागलेला. लिलावाच्या आदल्या दिवशी मालाची पाहणी असते, तेव्हा हा गृहस्थ शुभ्र तोब, म्हणजे पायघोळ अरबी झगा, सावरत टेबलाखाली उताणा झोपून बॅटरीने तपासत होता. मी हसू दाबलं.

तीन दिवसांनी तो टेबल न्यायला आला. मिस्त्रीने ब्लँकेट सोडलं आणि आत टेबल आरशासारखं चकाकत होतं.

"हे माझं टेबल नाही," व्यापारी म्हणाला. "ही नवी नक्कल आहे. माझं कुठे आहे?"

बाईने तोंडावर हात धरला. मिस्त्रीने मान खाली घातली, आणि झालं. खाली गेलेली मान म्हणजे निम्मा कबुलीजबाब, असं मी कालच माझ्या शिष्याला सांगितलं होतं. व्यापारी म्हणाला, संध्याकाळपर्यंत टेबल मिळालं नाही तर तो पोलिसांत जाईल. तक्रार झाली की मिस्त्रीचा शिक्का रद्द, विमान गेलं, आणि खटला किती महिने चालेल ते अल्ला जाणे.

बाईचा जबाब मी आधी घेतला. ती म्हणाली, "मी मिस्त्रीला टेबल फक्त ब्लँकेटमध्ये गुंडाळून ठेवायला सांगितलं होतं." मी लिहून घेतलं. शिष्याने साक्षीदार म्हणून सही केली.

तासाभरात खबर आली. स्टोअरमधला एकजण माझ्या खोलीत डोकावला आणि म्हणाला, "साब, मिस्त्रीकी पेटीमें भी गोल टेबल है. मैंने देखा है." मुंबईला पाठवायची मिस्त्रीची लाकडी पेटी आम्ही फोडली. आत गोधड्यांत गुंडाळलेलं तेच टेबल, काळपट, तीन पायांचं. मी मनात म्हटलं, मुद्देमाल सापडला, प्रकरण मिटलं.

"हे कुठून आणलंस?" मी विचारलं. एरवी मी मिस्त्रीला अहो-जाहो करायचो, त्या क्षणी अरे-तुरे कसं आलं ते मलाही कळलं नाही. त्याला मात्र कळलं.

"माझं हाय साहेब. मीच केलंय."

"चोर सगळे हेच म्हणतात."

"मी चोर नाय."

"मग त्या दुसऱ्या टेबलाला हात लावलास की नाही?"

पुढचा दीड तास मी माझं सगळं कसब लावलं. गोड बोललो, आवाज चढवला, बायकोचं नाव काढलं. आज लाज वाटते, पण काढलं. तो भिंतीकडे बघत राहिला.

मी पाणी प्यायला उठलो तेव्हा माझा शिष्य चहाचे दोन ग्लास घेऊन आला आणि मिस्त्रीशेजारी सरळ जमिनीवर बसला. मोडक्या हिंदीत त्याने एवढंच विचारलं, "चाचा, ये टेबल बनाने में मुश्किल क्या है?"

मिस्त्रीने चहाचा घोट घेतला, आणि माणूस बोलायला लागला की हो. बाईंच्या वारलेल्या नवऱ्याने चेरीच्या फळ्या मागवल्या होत्या, उरलेल्या त्याला दिल्या. दोन वर्षं सुट्टीच्या दिवशी त्याने बाईंच्या टेबलाची माया लावून नक्कल केली. खालच्या बाजूच्या रंध्याच्या खुणासुद्धा उतरवल्या. चहाचं पाणी आणि काजळी चोळून रंग जुना केला.

"पण एक गोष्ट माणसाला नाय करता येत," तो माझ्याकडे वळून म्हणाला. "लाकूड सुकून आडवं आकसतं, उभं आकसत नाय. दोनशे वर्षांत गोल टेबल गोल राहत नाय. दोरी हाय काय साहेब?"

व्यापाऱ्याला आणि बाईला बोलावलं. मी स्वतः दोरी धरली. पेटीतलं काळपट टेबल कुठूनही मोजा, सारखं भरलं. चकाकणारं टेबल लाकडाच्या उभ्या रेषेत मोजलं आणि मग आडवं. अर्धा इंच कमी. जुनं तेच होतं.

व्यापारी कपाळाला हात लावून म्हणाला, "हे मला ठाऊक होतं. रागात विसरलो."

चोरी नव्हतीच. मिस्त्रीने तीन दिवस बसून टेबलाचा दोनशे वर्षांचा काळा थर खरवडून काढला होता आणि आपल्या हाताने पॉलिश चढवलं होतं.

"कोणी सांगितलं होतं तुम्हाला?" माझं अहो-जाहो परत आलं होतं.

"मुलगी सासरी धाडताना मळक्या कपड्यांत धाडतो काय, साहेब?" तो म्हणाला. "बाईंच्या घरचं शेवटचं काम. म्हटलं, नीट करून देऊ. पण बाईंचं तोंड बघितलं आणि समजलं, काहीतरी वाईट झालंय माझ्या हातून. काय झालंय ते समजलं नाय."

मलाही समजलं नव्हतं. व्यापाऱ्याने समजावलं. अशा वस्तूचा मळ हाच तिचा दाखला असतो. हात लागले, दिवे लागले, पिढ्या गेल्या, ते सगळं त्या थरात असतं. तो गेला की टेबल जुनं असूनही किंमत पार उतरते. हे ऐकताना मिस्त्रीचा चेहरा असा झाला की माझ्याच्याने बघवेना. चोरीच्या आरोपाने त्याच्या डोळ्यांत पाणी आलं नव्हतं, ते आता आलं.

व्यापारी उठला. "चोरी नाही, पण नुकसान आहे. न विचारता केलेलं. याची तक्रार मी करणार."

तेव्हा बाई म्हणाली, "न विचारता नाही. मीच सांगितलं होतं त्याला पॉलिश करायला. चूक माझी. सौदा रद्द करा, तुमचे सगळे पैसे परत घ्या, टेबल मी घरी नेईन." मग तिने टेबलावर तळहात फिरवला. "दोनशे वर्षांपूर्वी ज्याने हे बनवलं, त्याला ते असंच दिसलं असेल."

व्यापारी माणूस वाईट नव्हता, पण कच्चा नव्हता. तो थेट माझ्याकडे वळला. "तुम्ही पोलीसवाले. बाईने तुम्हाला सकाळीही हेच सांगितलं होतं?"

माझ्या वहीत तिचा जबाब होता, साक्षीदाराच्या सहीसह. साक्षीदार माझ्यासमोर उभा होता. सरकारी नोकरीत मी एका जबाबाचा कानामात्रा बदलला नव्हता, आणि हे मी त्याला दहा वेळा ऐकवलं होतं.

"हो," मी म्हणालो. "हेच सांगितलं होतं."

शिष्याने वही मिटली आणि काखेत धरली.

मिस्त्रीची पेटी मीच फोडली होती, म्हणून खिळे मारायलाही मीच बसलो. दुसऱ्याच खिळ्याला अंगठा ठेचला. "द्या इकडे, साहेब," म्हणून त्याने हातोडी घेतली. माफी मागावी असं तोंडापर्यंत आलं होतं, ते मी बोललोही. "जाऊ दे हो," तो म्हणाला. ठरल्या दिवशी त्याचं विमान गेलं.

माझा शिष्य पुढे उत्तम अधिकारी झाला असं ऐकतो. माणसाला गुन्ह्याबद्दल विचारण्याआधी त्याच्या कामाबद्दल विचारावं, हे मी त्याला शिकवायला हवं होतं, ते त्याने मला शिकवलं. राहिली ती वही. नोकरीत शेकडो खोटे जबाब मी लिहून घेतले असतील. दिला तो एकच.