फक्त दोन सायकली

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, लेकीला नाही, आणि ज्याला सांगायला पाहिजे होतं त्याला तर नाहीच. तुम्ही समोर बसला आहात — म्हणजे मी तसं धरून चाललोय — म्हणून सांगतो.

आधी एक खुलासा. आष्टी तालुक्यातल्या आमच्या गावात माझं बोलणं चारानं भागून घ्यायची रीत आहे. मी आठ हात साप पाहिला म्हणालो, की लोक दोन हात धरतात आणि वर म्हणतात, धामण आसंल. माझी हरकत नाही. पण आजचं सगळं भागू नका. कुठं भागायचं ते मीच सांगेन.

ते वर्ष दुष्काळाचं. विहिरीत बादली सोडली तर बादलीच तहानलेली वर यायची. (हे भागा.) जनावरं चारा छावणीत गेलेली, त्यामुळं आमच्या दूध संस्थेत दूध सोडून सगळं होतं. काटा होता, चेअरमनचा हार घातलेला फोटो होता — चेअरमन जिवंत होते तरी — आणि सेक्रेटरी म्हणून मी होतो. आणि रिकामे कॅन. चाळीस लिटरचे, ओळीनं पालथे. किल्ली माझ्याकडं.

विष्णू माझा पहिलीपासूनचा दोस्त. गाव त्याला इष्णू म्हणतं. त्याचं वेल्डिंगचं दुकान. कारखान्याला ऊस ओढणाऱ्या ट्रॉल्यांचे हुक करावेत तर त्यानंच. दसऱ्याआधी त्याच्या दारात लागलेली ट्रॅक्टरची रांग पार वेशीपर्यंत जायची. पाचच ट्रॅक्टर, पण वेसही जवळच आहे. हुक झाला की तो हातोडीचा एक ठोका द्यायचा, कान लावायचा, आवाज विरेपर्यंत ऐकायचा. मग म्हणायचा, "बसला." एवढंच. एक ठोका, एक शब्द. त्या एका शब्दावर माणसं दहा-दहा टन ऊस ओढायची.

त्या वर्षी माझी वैशाली आणि त्याची सीमा दहावी झाल्या. दोघींना अकरावीला बीडला, माझ्या बहिणीकडं ठेवायचं ठरलं. कॉलेज तिथून लांब, म्हणून सायकली बरोबर न्यायच्या. मी नुकतीच एक जुनी गाडी घेतली होती — इतकी छोटी, की तिच्यात बसायचं नाही, ती अंगात घालायची. सायकल आत कशी जाणार? एसटीच्या टपावर टाकायला पोरी तयार नव्हत्या, चाकं वाकतात म्हणे.

"ट्रॉलीला हुक बसतो," इष्णू म्हणाला, "तर तुझ्या ह्या डबीला कावून न्हाई बसणार बे?"

दोन दिवस तो गाडीखाली उताणा पडून होता. जाड पट्टी, चार बोल्ट, मागं हुक, हुकावर सायकली उभ्या करायचा सांगाडा. ठोका दिला. कान लावला. "बसला." मग पिवळा ऑइलपेंट आणून सांगाड्यावर लिहिलं : फक्त दोन सायकली.

"तिसरी आली तर ती चालवत आण," म्हणाला. "गाडीला लाज हाय. तुला न्हाई, म्हणून लिहून ठिवतो."

त्यानं लिहून ठेवलं होतं. मला वाचता येत होतं. एवढं ध्यानात ठेवा.

पोरी जायला महिना होता. इष्णू कारखान्यावर दुरुस्तीच्या कामाला गेला. गावात टँकर आठवड्यातून एकदा यायचा, आणि पाच किलोमीटरवर माझ्या ओळखीच्या एका बोअरला पाणी होतं. आणि माझ्याकडं — रिकामे कॅन, रिकामा सांगाडा. सुचायला वेळ लागतो का? पहिल्या पहाटे दोन कॅन टांगले. मग चार. गाडीचं तोंड असं वर व्हायचं, की समोर रस्ता दिसायचाच नाही, नुसते ढग दिसायचे. आणि त्या वर्षी ढगही नव्हते. (भागा.)

पहाटे का? कॅन संस्थेचे होते म्हणून. आणि शेजाऱ्यांनी पाहिलं असतं तर घागरभर द्यावं लागलं असतं म्हणूनही. कुणी विचारलंच, सेक्रेटरी इतक्या सकाळी कुठं? — तर मी म्हणायचो, गाडी शिकतोय.

एके दिवशी कॅन उतरवताना पट्टीवर भेग दिसली. केसाएवढी. हीच ती जागा — इथून मला नीट बोलता येत नाही. मला कळलं होतं. कुणी सांगायची गरज नव्हती. इष्णूला कारखान्यावर निरोप धाडला असता तर तो आला असता, पुन्हा उताणा पडला असता. पण पाण्याचं सांगावं लागलं असतं. आणि तो हसला असता — लिवलेलं वाचता येतं का बे तुला? जन्मभर मी अख्ख्या गावाला हसलो. माझ्यावर एकदा हसलेलं मला सोसलं नसतं? एवढंच होतं ते. त्याच्या हसण्याला भ्यालो.

मी भेगेत पुट्टी भरली. वरून काळा रंग मारला.

जूनमध्ये निघालो. सायकली इष्णूनं स्वतः बांधल्या, सुतळीला गाठीवर गाठ. पोरी मागच्या सीटवर. बीडच्या अलीकडच्या उतारावर कडाड् झालं आणि वैशाली म्हणाली, "पप्पा, सायकली चालल्या." मागून एसटी येत होती. ड्रायव्हरनं करकचून ब्रेक मारला. सीमाची नवी सायकल चाकाखाली गेली. माणसाला खरचटलं नाही. पण एसटीच्या जागी मोटरसायकल असती तर? मागच्या काचेतून दोघी पोरी बघत होत्या. काय बघितलं असतं त्यांनी?

घरी आलो आणि इष्णू यायच्या आत रॉकेलच्या बोळ्यानं पुट्टी पुसून काढली. हो, तेही केलं. तो आला. तुटकी पट्टी उलटी-सुलटी करत बराच वेळ बसला.

"माझाच हात चुकला बे," म्हणाला. "आत पोरी व्हत्या."

आणि मी म्हणालो, "जाऊ दे. व्हतं आसं." मी त्याला माफ केलं. ऐकताय ना — मी, त्याला.

वर त्याची गोष्ट केली. इष्णूचा हुक सुटला, सायकली एसटीला ओव्हरटेक करून बीडला गेल्या, पोरींच्या आधी ॲडमिशन घेऊन बसल्या. वर्षानुवर्षं दूध संस्थेच्या ओट्यावर सांगितली. लोक पोट धरून हसायचे. इष्णूही तिथंच बसून हसायचा.

त्या दसऱ्याला ट्रॅक्टर आले. त्यानं माघारी धाडले. "ट्रॉलीच्या मागं माणसं आसत्यात. माझा भरवसा न्हाई." लोकांनी विनवलं. मीही चार लोकांत म्हणालो, कर की लेका. त्यानं पुन्हा एकही हुक केला नाही. खिडक्या करतो, फाटकं करतो, खाटा करतो. ती तुटकी पट्टी त्यानं दुकानात खिळ्याला टांगलीय, काम करताना समोर दिसेल अशी.

रोज सकाळी मी तिच्याखालीच बसून त्याचा चहा पितो. साधी खिडकीची जाळी असते. तो ठोका देतो, कान लावतो. पुन्हा ठोका. पुन्हा कान. सात-आठ वेळा — हे भागू नका, मी मोजलेत. "बसला" म्हणत नाही.

इष्णू, तुझा हात चुकला नव्हता. पहिल्याच ठोक्याला बसला होता. तू दोन सायकली लिहिल्या होत्यास, मी चार कॅन पाणी टांगलं. भिंतीवरची ती पट्टी माझी आहे.